मदत हवी आहे : सीलच्या पिल्लांसाठी सोलापूरहून टॉवेल पाठवायचेत, कोणते पाठवू?

पाइलवाला

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे माग आहेत. पुतणी शिकायला इंग्लंडात नॉर्विचला आहे. तिथून समुद्र जवळ. नोव्हेंबर ते जानेवारी त्या किनाऱ्यावर ग्रे सील या समुद्री प्राण्याची वीण चालते. वादळात आईपासून तुटलेली, जखमी, खंगलेली पिल्लं उपचार केंद्रात पोचवणारे स्वयंसेवक असतात, त्यांच्यात ही सामील झालीय. एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं आणि तेव्हापासून फोनवर एकच धोशा : काका, टॉवेल पाठवा. केंद्राला जुने टॉवेल कायम लागतात म्हणे.

आता सोलापूरकराकडे टॉवेल मागायचे आणि त्याने नाही म्हणायचं, असं कसं चालेल? कारखान्यात सेकंड्सचा, म्हणजे दोष राहिलेल्या मालाचा, ढीग पडून आहे. कुठे पाइल (वरचे लूप) सुटलाय, कुठे काठ वाकडा, कुठे रंग उतरलाय. वापरायला एक नंबर, पण बाजारात निम्मा भावही मिळत नाही.

अडचण अशी की मला माल कळतो, सील कळत नाही. ३०×६० इंची पुरेल का? नखं-दात लूपमध्ये अडकत असतील तर साधा पंचा बरा का? थंडीत पिल्लांना पांघरायला चार सोलापुरी चादरीही टाका, असं आमच्या मंडळींचं म्हणणं. कुरिअरचा दर ऐकून तर मटकन खालीच बसलो, मालापेक्षा भाडं जास्त. कोणी असं काही पाठवलंय का? आणि वहिनी विचारतायत, ते चावतं का?

नॉरफोककर

काका, चादरी अजिबात नकोत! सीलच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. पांघरूण घातलं तर थंडी जायची राहिली बाजूला, पिल्लू उकडून आजारी पडेल. इथे येणारे पर्यटकही हेच करतात. दया येते, अंगावरचं जाकीट काढून पांघरतात.

टॉवेलचं खरं काम डोळे झाकायचं. प्रशिक्षित माणूस मागून जातो, टॉवेल डोक्यावर टाकतो, दोन्ही बाजूंना गुडघे टेकून मानेमागे पकड घेतो. अंधार झाला की पिल्लू शांत होतं आणि चावायला तोंड वळत नाही. म्हणून ३०×६० उत्तम, दुहेरी घडी घालता येते.

पण उचलणं ही फार पुढची गोष्ट, हे घरच्यांना सांगा. मी इथल्याच होर्सीच्या किनाऱ्यावर राखणीला जातो, तिथे बहुतेक वेळ लोकांना आणि त्यांच्या कुत्र्यांना लांब ठेवण्यातच जातो. पिल्लू जन्मतः साधारण १४ किलोचं असतं. आईच्या दुधात निम्म्याहून जास्त स्निग्धांश, त्यामुळे तीनेक आठवड्यांत ते ४० किलोच्या आसपास जातं आणि भरलेल्या गोणीसारखं लोळत पडतं. मग आई त्याला सोडून समुद्रात निघून जाते, कायमची. म्हणजे एकटं दिसलेलं प्रत्येक पिल्लू काही अनाथ नसतं. दूध पितं असेल तर माणसं मध्ये आल्यामुळेच आई परतत नाही, असंही होतं. पाण्यात ढकलणं तर सगळ्यात वाईट. पांढऱ्या केसांच्या पिल्लाची लव पाणी अडवत नाही.

आम्ही लांबून दुर्बिणीने बघतो : मान बारीक पडलीय का, कमरेची हाडं दिसतात का, डोळे कसे आहेत. डोळ्यांभोवती ओलं कडं दिसलं की लोक म्हणतात, बिचारं रडतंय. उलट ते चांगलं लक्षण. सीलला अश्रू नाकात वाहून नेणारी नळी नसते, पाणी गालावरच येतं. कडं कोरडं पडलं की समजायचं, अंगातलं पाणी कमी झालंय.

पाठवण्याबद्दल : इथे ३९ पौंडांपर्यंतच्या भेटवस्तूवर कर लागत नाही, पण ती एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली हवी. कारखान्याच्या नावाने पाठवलंत तर ही सूट नाही. त्यापेक्षा येणाऱ्या पोरांच्या बॅगेत कोंबा. नाहीतरी निम्मी बॅग कडक भाकरी आणि शेंगाचटणीचीच असते, बरण्या टॉवेलात गुंडाळा.

जनावरांचा डॉक्टर, पंढरपूर

वहिनींना सांगा, चावतं आणि चांगलंच चावतं. हातमोजे हवेतच. चाव्यातून बोट सुजून सांधा आखडण्याचा एक आजार होतो, इंग्रजीत त्याला ‘सील फिंगर’ म्हणतात. त्यावर पेनिसिलिन चालत नाही, टेट्रासायक्लिन गटातलं औषध लागतं. म्हणून चावलं तर डॉक्टरला ‘सील चावला’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

टॉवेलचं म्हणाल तर केंद्रात ते रोज जंतुनाशकात धुतले जाणार. आधी नळीने क्षार-पाणी, मग माशाचं पातळ सूप, मग अख्खे मासे, असा या पिल्लांचा आहार. काय काय सांडतं आणि काय काय बाहेर पडतं, विचारू नका. पांढरेच द्या, रक्त किंवा जुलाब लगेच दिसतात. सुटलेला पाइल आणि लोंबते दोरे मात्र नकोत, ते दातात-नखांत अडकतील.

कंबर तलाव

एवढ्या लांब कशाला मालक? संक्रांतीत मांजाने कापलेली घार पकडायलाही टॉवेलच लागतो, आणि उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर गेला की झाडाखाली चक्कर येऊन पडलेले पक्षी आहेतच. इथल्या प्राणी-पक्षी वाचवणाऱ्या पोरांना कोण विचारतं?

पाइलवाला

@कंबर तलाव : बरोबर आहे. अर्धा गठ्ठा तुमचा, रविवारी कारखान्यावर या. चादरीही घेऊन जा, तुमच्याकडच्या कुत्र्यांना थंडीत चालतील.

@डॉक्टर : काठ वाकडे ते ठेवतो, पाइल सुटलेले काढून टाकतो. आणखी एक, कोरा टॉवेल पाणी शोषत नाही, सॉफ्टनर अंगावर असतो. दोन-तीनदा धुऊन देऊ ना? पावडरीच्या वासाने पिल्लाला त्रास?

जनावरांचा डॉक्टर, पंढरपूर

धुवाच. बिनवासाची पावडर वापरा, वरून सॉफ्टनर नको. उन्हात कडक वाळवा, सोलापुरात त्याची काय कमी!

पाइलवाला

ठीक. धुवायला टाकतो. डिसेंबरात पुणे-मुंबईहून लंडनकडे कोणी निघणार असेल आणि बॅगेत पाच किलोची जागा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. चटणी माझ्याकडून.