माटुंग्याची फिल्टर कॉफी: टेबलावरची रीत आणि घरचे पातळ डिकॉक्शन

वडाळा_पूर्व (प्रश्न)

नाशिकहून बदली होऊन वडाळ्याला राहायला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी सकाळची कॉफी माटुंग्यात घेण्याची मला सवय लागली आहे. किंग्ज सर्कलचे कॅफे म्हैसूर, जवळचेच कॅफे मद्रास आणि स्टेशनलगतचे रामाश्रय ही तिन्ही ठिकाणे मनापासून आवडतात, आणि कॉफीइतकाच आनंद तिथली वर्दळ पाहण्यात मिळतो. मात्र दोन बाबतींत जाणकारांचे मत हवे आहे.

चौघांच्या टेबलावर मी एकटा बसलेलो असताना समोर अनोळखी माणसे येऊन बसतात, आणि कॉफी संपली की उठावे अशी सर्वांचीच अपेक्षा दिसते. अशा ठिकाणी वर्तमानपत्र वाचत अर्धा तास बसणे अशिष्ट समजले जाते का? दुसरी शंका घरच्या कॉफीची आहे. फिल्टर आणला, माटुंग्यातूनच ताजी दळलेली शुद्ध कॉफीची पूड आणली, तरी पाणी पाच मिनिटांत खाली उतरते आणि डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून खाली उतरणारा कॉफीचा अर्क, पातळ होते. त्यात दूध घातल्यावर कॉफीचा केवळ वास उरतो. यावर उपाय काय?

माटुंगेकर_आजी

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या भागाच्या घडणीत आहे. 1896च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर, माटुंगा हा भाग आखून वसवला. पुढे कचेऱ्यांत, रेल्वेत आणि बँकांत नोकरीसाठी आलेली दक्षिणेकडची कुटुंबे इथे स्थिरावली, पण त्यांच्याबरोबर एकटे राहणारे, खोलीवर चूल नसलेले तरुणही मोठ्या संख्येने होते. कॅफे म्हैसूर 1936चे, रामाश्रय 1939चे, कॅफे मद्रास 1940चे आणि रामा नायकांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942चे. कामावर जाण्यापूर्वी झटपट, स्वच्छ आणि परवडेल असे खाणे मिळावे, ही गरज या साऱ्यांनी भागवली. त्यामुळे रिकाम्या खुर्चीवर कोणा एकाचा हक्क नसतो, ही रीत तेव्हापासून चालत आली आहे आणि मला ती या शहराची फार मोठी सभ्यता वाटते.

या रीतीचे काही अलिखित नियम आहेत. बसण्यापूर्वी परवानगी मागण्याची गरज नसते, नजरानजर झाली की मान हलवणे पुरते. आपली पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवायची नसते. समोरच्याच्या ताटलीतील पदार्थ कोणता, असे विचारायला हरकत नाही, उलट बहुतेक लोक आनंदाने सांगतात. रामाश्रयात त्या दिवशी कोणत्या फळाचा शिरा आहे, हे मला अशाच एका अनोळखी बाईंनी फलकाकडे बोट दाखवून सांगितले होते. मला सर्वांत कौतुक वाटते ते वेटरचे, कारण एकाच टेबलावरच्या चार परक्या माणसांनी काय काय मागवले हे कागदावर न लिहिता तो लक्षात ठेवतो आणि प्रत्येकाचे बिल वेगळे आणून ठेवतो.

बाहेर लोक नाव नोंदवून ताटकळत उभे असतील, तर वर्तमानपत्र उघडू नये. रविवारी सकाळी तर मुळीच नाही. गर्दी ओसरलेली असेल तेव्हा मात्र तुम्हाला कोणी उठवणार नाही, आणि उठवलेच तर तो तुमचा अपमान आहे असे समजू नका.

पीबेरी_प्रेमी

डिकॉक्शनबद्दल सविस्तर लिहितो, कारण पाणी पाच मिनिटांत उतरते या एका वाक्यातच दोष कळतो. चांगले डिकॉक्शन थेंबाथेंबाने, पंधरा-वीस मिनिटे घेऊन उतरले पाहिजे.

तुम्ही शुद्ध कॉफीची पूड आणली आहे. दक्षिणी पद्धतीच्या कॉफीत बहुधा चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ. त्यात कॅफीन नसते, पण ते पाणी धरून ठेवते, त्यामुळे पाणी पुडीतून सावकाश झिरपते आणि डिकॉक्शनला दाटपणा व गडद रंग येतो. दुकानात ऐंशी-वीस किंवा सत्तर-तीस असे प्रमाण सांगितले की समोर मिसळून देतात. पाकीटबंद पूड घेतल्यास त्यावरचे प्रमाण अवश्य वाचावे, कारण नियमानुसार चिकोरी एकोणपन्नास टक्क्यांपर्यंत चालते आणि तितकी चिकोरी असलेली कॉफी मला तरी कडवट लागते. दाण्यांत पीबेरी आणि प्लँटेशन ए (कॉफीच्या दाण्यांची एक प्रत) यांचे मिश्रण घेऊन पाहावे. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया असतात, ज्यात एकच गोल बी भरते ती पीबेरी. दळण फिल्टरसाठी हवे आहे असे स्पष्ट सांगा, जाडसर पुडीतून पाणी धावत सुटते.

आता कृती. फिल्टरचे वरचे भांडे पूर्ण कोरडे असावे. तीन मोठे चमचे पूड घालून दांड्याच्या चकतीने हलक्या हाताने समतल दाबावी. उकळी आलेले पाणी गॅसवरून उतरवून अर्धा मिनिट थांबावे, मग प्रथम पूड भिजेल इतकेच पाणी गोल फिरवत घालावे, पूड फुगली की उरलेले पाणी घालून झाकण ठेवावे. चकती काढू नये आणि भांडे हलवू नये. दूध साय येणारे, नुकतेच उकळलेले असावे, आणि एक भाग डिकॉक्शनला तीन भाग दूध हे प्रमाण धरून आपल्या चवीप्रमाणे कमी-जास्त करावे. डिकॉक्शन पुन्हा कधीही उकळू नये, त्याने सुगंध जातो. शेवटी पेल्यातून डबऱ्यात (पेल्यासोबतच्या पसरट वाटीत) आणि डबऱ्यातून पेल्यात दोनदा उंचावरून ओतले की साखर विरघळते, फेस येतो आणि कॉफी ओठाला सोसेल इतकी निवते.

कॅम्पातला_पुणेकर

आजींचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. निवांत बसण्याची इच्छा हीदेखील शहराची रास्त गरज आहे. सरकारी कॉफी बोर्डाने 1950च्या दशकात आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था उभ्या केल्या आणि 1957मध्ये बंगळुरात पहिली संस्था सुरू झाली. त्या कॉफी हाऊसमध्ये एका कपावर तासन्‌तास वाद घालणारे लेखक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते वाढले, आणि आमच्या कॅम्पातल्या कॉफी हाऊसमध्येही गप्पा घड्याळाकडे पाहून थांबवाव्या लागत नाहीत. लवकर उठणे ही माटुंग्यात जागेच्या टंचाईने लावलेली शिस्त आहे, तिला सर्वत्र लागू होणारा शिष्टाचार मानू नये असे मला वाटते. प्रश्नकर्त्यांना सुचवेन की त्यांनी कॉफी घेऊन फाइव्ह गार्डन्सपर्यंत चालत जावे आणि वर्तमानपत्र तिथल्या झाडांखाली वाचावे.

वडाळा_पूर्व

सर्वांचे आभार. फाइव्ह गार्डन्स माझ्या घराच्या वाटेवरच आहे. एवढेच सांगावे, की रात्री काढलेले डिकॉक्शन सकाळी वापरले तर चालते का?

पीबेरी_प्रेमी

घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवल्यास सकाळपर्यंत उत्तम राहते. ते थंडच पेल्यात घ्या आणि त्यावर कडकडीत दूध ओता. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी घालून निघणारे डिकॉक्शन फिके असते, ते संध्याकाळच्या हलक्या कॉफीसाठी ठेवावे, पाहुण्यांना देऊ नये.