अंतःस्राव म्हणू, संप्रेरक म्हणू की सरळ हार्मोन?

रावपुऱ्याची लेक:
वडोदऱ्याच्या मंडळींनो, एक अडचण आहे. आमच्या भागात बायकांसाठी थायरॉइड आणि पाळीच्या तक्रारींचं तपासणी शिबिर होणार आहे. त्याचं गुजराती पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. मुळात हार्मोनसाठी 'अंतःस्राव' हा शब्द होता. माझं शिक्षण गुजराती माध्यमातलं, शाळेत हाच शब्द शिकले, म्हणून तोच ठेवला आणि लिहिलं, 'अंतःस्रावांचा समतोल बिघडला की पाळी मागेपुढे होते.' घरी आत्याला वाचून दाखवलं, तर ती घाबरली. "आतल्या आत रक्त जातं? आणि बाहेर दिसतही नाही?" तिला नुकतीच थायरॉइडची गोळी सुरू झालीय, त्यामुळे रात्रभर तिच्या डोक्यात तेच. पुण्याची वहिनी म्हणाली, 'संप्रेरक' लिही. तो शब्द आत्याला सांगितला, तर ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. शुक्रवारी पत्रक छापायला जायचंय. काय लिहू?

धातुपाठ:
संप्रेरकच लिहा. फार विचार करून घडवलेला शब्द आहे. अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली लंडनमधल्या व्याख्यानांत 'हार्मोन' शब्द वापरला. तो ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याचा अर्थ 'चालना देणे'. संस्कृतात 'ईर्' म्हणजे हलवणं, चालवणं. त्याला 'प्र' लागून प्रेरणा, त्याच्याही आधी 'सम्' लागून संप्रेरक. अर्थाला अर्थ तंतोतंत बसलाय. 'स्राव' म्हटलं की फक्त पाझरणं कळतं, काम कळत नाही. घाम हा स्रावच, लाळही स्रावच.

निवृत्त परिचारिका:
लेकी, आत्या चुकली नाही. मी तीस वर्षं बायकांच्या वॉर्डात काढली. आमच्या बायकांच्या तोंडी 'स्राव' एकाच अर्थी असतो. "अंगावरून जातंय" म्हटलं की रक्त, "पांढरं जातंय" म्हटलं की दुसरी तक्रार, आणि आम्ही केसपेपरवर दोन्हींना 'स्राव'च लिहायचो. त्यातून 'अंतः' म्हटल्यावर बाईला रक्त आत साठतंय असं वाटणारच.

त्या 'अंतः'चा खरा अर्थ वेगळा आहे. लाळेच्या ग्रंथीला नळी असते, घामाच्या ग्रंथीला असते. थायरॉइडला नळी नाही. ती आपलं रसायन थेट रक्तात सोडते आणि रक्त ते अंगभर फिरवतं. आत म्हणजे रक्तात, एवढंच.

आणि धातुपाठ, तुमच्या 'प्रेरक'चा उपयोग मला रिपोर्ट समजावताना झालाय. बाई विचारते, "टीएसएच वाढलंय म्हणता, मग थायरॉइड कमी कसं?" टीएसएच थायरॉइडचं नाहीच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, ते तिचं संप्रेरक. थायरॉइड सुस्तावली की पीयूषिका तिला जास्त जोराने ढोसते, म्हणून आकडा चढतो. पाळी जायच्या वयातही तेच. अंडाशय थकले, दाद देईनात, की त्यांना चालना देणारं एफएसएच वाढत जातं. मी सांगायचे, "काम करणारी दमलीय, म्हणून हाक मारणारीचा आवाज चढलाय." ते बरोबर समजायचं.

रिफायनरीवाले काका:
मला 'संप्रेरक' वाचून 'उत्प्रेरक'च आठवतो. प्लांटवर कॅटॅलिस्टला गुजरातीत उद्दीपक म्हणायचो, मराठी पुस्तकात तो उत्प्रेरक झाला. दोन्ही जवळपास एकच नाहीत का? थोडं घालायचं आणि मोठं काम होतं.

निवृत्त परिचारिका:
नाही काका. तुमचा कॅटॅलिस्ट क्रिया घडवून पुन्हा होता तसा उरतो. संप्रेरक उरत नाही. काम झालं की यकृतात वगैरे त्याची मोडतोड होते, आणि ती व्हायलाच हवी. अंडं बाहेर पडलं की मागे जी पुटिका, म्हणजे अंड्याची पिशवी, उरते तिचं पीतपिंड होतं आणि त्यातून प्रोजेस्टेरॉन येतं. गर्भ राहिला नाही, तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतं, प्रोजेस्टेरॉन उतरतं, गर्भाशयाचं अस्तर सुटतं. तीच पाळी. ते रसायन रक्तात तसंच टिकून राहिलं असतं, तर पाळी आलीच नसती.

मांडवी:
मूळ मुद्द्यावर बोलतो. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा 'श्री सयाजी शासन कल्पतरू' हा कोश करवला, १९३१ साली तो निघाला. त्यात आठ भाषांचे शब्द शेजारी शेजारी आहेत. गुजरातीला गुजरातीचा, मराठीला मराठीचा. आपण त्याच गावचे. मग गुजराती शब्द उचलून मराठी पत्रकात का ठेवायचा?

रावपुऱ्याची लेक:
मांडवीदादा, 'अंतःस्राव' संस्कृत आहे, तो एकट्या गुजरातीचा कसा? मराठीतही 'अंतःस्रावी ग्रंथी' म्हणतातच ना? आणि चार पिढ्या इथे राहिलेल्यांची मराठी पुण्यापेक्षा वेगळी असली, तर ती चुकीची ठरते का? हे मला लहानपणापासून ऐकावं लागलंय. अजूनही लागतं.

धातुपाठ:
चुकीची कोणी म्हटली नाही. पण 'अंतःस्रावी' हे ग्रंथीचं विशेषण आहे. ग्रंथी अंतःस्रावी, आणि ती सोडते ते संप्रेरक. करणारा आणि पदार्थ यांना दोन शब्द असले की विचार स्पष्ट राहतो. एवढाच माझा आग्रह.

मकरपुऱ्याची सून:
मी लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले. शेजारच्या बेन म्हणाल्या, "सुनेला अटकाव आलाय." मराठीत अटकाव म्हणजे अडथळा! मला वाटलं, तिची पाळी अडकली. मी काळजीने डॉक्टरांचा पत्ता द्यायला गेले. तेव्हा कळलं, गुजरातीत अटकाव म्हणजे पाळी येणं. मी अगदी उलटं समजले होते.

निवृत्त परिचारिका:
उलटं तर आपल्याच मराठीत आहे. "दिवस गेले" म्हणजे गरोदर राहिली आणि "पाळी गेली" म्हणजे कायमची थांबली. दोन्हीकडे 'जाणं'च. एक चाळिशीतली बाई "दोन महिने पाळी गेलीय" म्हणाली, तर तिला आधी गर्भाची तपासणी करायला सांगायची. सलग बारा महिने आली नाही, तरच रजोनिवृत्ती धरायची. पत्रकात 'पाळी जाणं' लिहिणार असशील, लेकी, तर जपून.

रिफायनरीवाले काका:
'पाळी' हा 'पाळणे'वरून असावा असं मला फार वर्षं वाटतं. चार दिवस नियम पाळायचे, म्हणून पाळी.

धातुपाठ:
काका, मला तसं वाटत नाही. पाळीपाळीने, कामाची पाळी, रातपाळी. ठरल्या वेळी फिरून येते ती पाळी. स्त्रीच्या पाळीतही तोच अर्थ आहे. नियम माणसांनी मागाहून जोडले.

मकरपुऱ्याची सून:
मला धातुपाठांचं पटतं. आमच्याकडे 'पाळी' मोठ्याने म्हणतच नसत. 'कावळा शिवला' म्हणायचे. मी लहान असताना खरंच अंगणात कावळा शोधायचे. इथे वडोदऱ्यात जुन्या मराठी घरांत काय म्हणत?

मांडवी:
आजी 'बाजूला बसलीय' म्हणायची. शेजारच्या गुजराती घरात 'टाइममां छे' म्हणत, तेही आमच्या बहिणींच्या तोंडी बसलं. 'टाइममध्ये आहे' असं सर्रास मराठीत बोलायच्या. आणि आता मीच शुद्ध मराठीचा आग्रह धरतोय, याचा विचार करायला हवा.

रावपुऱ्याची लेक:
आत्याला आत्ताच विचारलं. तिच्या माहेरी 'दूर आहे', सासरी 'अडचण आहे'. कावळा दोन्हीकडे नव्हता. परिचारिकाताईंचं हाक मारणारीचं वाक्य मी तिला सांगितलं, आणि तिने स्वतः तिचा रिपोर्ट काढून टीएसएचचा आकडा शोधला. पत्रकात मात्र तो शब्द येतो तिथे अजून जागा मोकळीच ठेवलीय. उद्या दुपारी तीनला छपाईवाल्याकडे जायचंय.

मकरपुऱ्याची सून:
'अडचण' आमच्याकडेही म्हणत! पण ती कावळ्याची कल्पना आली कुठून, कोणी सांगेल का?