गळका सांधा : वरून सिलिकॉन नकोच

कॅरव्हॅनचं (चाकांवरच्या फिरत्या घराचं) छत गळतं तेव्हा 'छताच्या सांध्यावर सिलिकॉनचा जाडसा थर ओढा आणि विसरून जा' असा सल्ला या चर्चेत वर दिलाय, तो मला अजिबात पटला नाही. मी नेमकं तेच केलं होतं. पहिला पावसाळा कोरडा गेला, दुसऱ्यात पलंगाच्या डोक्याशी पुन्हा ओल. शेवटी सांध्यावरची ॲल्युमिनियमची पट्टी उचकटली तर चार स्क्रू नुसत्या बोटांनी निघून आले, खालचं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालेलं. पाणी वरून अडलं नव्हतं, आतल्या आत मुरत होतं. शिवाय सिलिकॉनचा मागे राहिलेला तुळतुळीत थर खरवडण्यात अख्खा दिवस गेला, कारण त्यावर दुसरं काहीच धड चिकटत नाही. पट्टीखाली ब्युटाइल टेपच (मऊ, चिकट रबरी टेप) हवी. स्क्रू आवळले की ती कडेने बाहेर येते आणि उन्हात अजून थोडी येते, म्हणून जास्तीची लगेच कापू नका.

आणखी एक, जे इथे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. आत डाग दिसतो तिथेच वर भोक असेल असं नाही, पाणी चौकटीवरून बरंच लांब सरकतं. दारं-खिडक्या बंद करून एका खिडकीतून ब्लोअरने आत हवा भरा आणि सांध्यावर बाहेरून साबणाचं पाणी मारा. फट असेल तिथे बुडबुडे येतात. माझी फट डागापासून हातभर लांब निघाली, तीही दिव्याच्या स्क्रूपाशी!