डिस्कवाला कन्सोल घ्यावा का? जुने गेम विकण्याबद्दल दोन प्रश्न

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. आमचा पीएस4 (सोनीचा प्लेस्टेशन 4 कन्सोल) आता थकलाय, पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. पीएस5 घ्यायचं ठरतंय. धाकटा भाऊ म्हणतो, डिस्क ड्राइव्ह नसलेला घे, स्वस्त पडतो आणि डिस्क बदलायची कटकट नाही. माझा जीव मात्र कपाटातल्या डिस्कांत अडकलाय. एक गेम संपला की तो विकायचा, थोडी भर घालायची, पुढचा घ्यायचा, असंच मी आजवर खेळत आलोय.

पण परवा दुकानात दिलेला गेम दुसऱ्याच दिवशी तिथेच जवळजवळ दुप्पट किमतीला लागलेला पाहिला. वाईट वाटलं. दुकानदार इतके कमी पैसे का देतात? आणि सेकंडहँड गेमचा हा व्यवहार पुढे टिकणार आहे का, की ड्राइव्हवर पैसे घालून मी पस्तावेन?

गोफण:
रात्रपाळी, तुमचा राग समजतो. मी अशाच दुकानात बरीच वर्षं काउंटरवर होतो, रोज ऐकायचो.

नव्या गेमवर दुकानाला फारसं सुटत नाही. गेमस्टॉप या अमेरिकन गेम-दुकानांच्या साखळीचे 2010 नंतरच्या काही वर्षांचे अहवाल काढून बघा: नव्या गेमवर ढोबळ नफा 20-22 टक्क्यांच्या आसपास, वापरलेल्यावर 45 च्या वर. म्हणजे दुकानाचं भाडं आणि आमचे पगार त्या जुन्या फळीवरच निघायचे. आणि तुम्हाला दिसतो तो विकला गेलेला गेम. पडून राहिलेला दिसत नाही. दरवर्षी निघणारे फुटबॉलचे गेम घ्या. नवा भाग आला की मागच्या वर्षीचा कुणी उचलत नाही, आणि नेमके त्याच आठवड्यात सगळे तो विकायला आणतात. तो तोटा तुमच्या दुप्पट किमतीतून भरून निघतो. म्हणून संपवलेला गेम ठेवून देऊ नका, लगेच विका, आणि जमेल तर थेट खेळणाऱ्याला. निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेमांना घाई नाही, त्यांचा भाव लवकर उतरत नाही.

विकत घेताना डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरून सावकाश फिरवा. डीव्हीडीत माहितीचा थर जाडीच्या मधोमध असतो, त्यामुळे वरचा ओरखडा घासून काढता येतो. ब्लू-रेत तो थर खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम 0.1 मिलिमीटरवर असतो. त्या पृष्ठभागावरचा लेप कणखर असतो, बारीक चरे सहसा पडत नाहीत. पण नखाला लागेल असा ओरखडा असेल तर घासण्याच्या भानगडीत पडू नका, तशी डिस्क घेऊच नका. मधल्या भोकाभोवती केसाएवढी चीर आहे का तेही बघा. डबीतलं मधलं बटण न दाबता डिस्क ओढून काढली की ही चीर पडते. आधी एवढीशी, मग वाढत जाते.

कुंपण:
टिकेल का, याबद्दल. हा धंदा बंद पाडायचे प्रयत्न झालेत आणि फसलेतही. जपानमध्ये गेम कंपन्या थेट कोर्टात गेल्या होत्या. 2002 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुने गेम विकायला मोकळीक दिली. 2010 मध्ये ईए या गेम कंपनीने ऑनलाइन पास आणला: सेकंडहँड डिस्क घेतली तर ऑनलाइन खेळायला वेगळे 10 डॉलर. 2013 मध्ये गुंडाळावा लागला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन कन्सोलसाठी जाहीर केलं की गेम मित्राला द्यायचा तर एकदाच, तोही किमान 30 दिवस तुमच्या मित्रयादीत असलेल्याला. लोक इतके भडकले की जूनमध्येच माघार घ्यावी लागली. ही माघार लोक बोलले म्हणून झाली.

डिजिटलचं मात्र वेगळं आहे. फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले डिजिटल गेम पुन्हा विकता यावेत म्हणून ते चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीवर खटला भरला. 2019 मध्ये जिंकली, 2022 च्या अपिलात हरली, 2024 मध्ये वरच्या न्यायालयातही हरली.

रात्रपाळी:
दोघांचेही मनापासून आभार. मग ड्राइव्ह घ्यायचाच ना? भाऊ ऐकत नाहीये.

गोफण:
घ्याच. पीएस4च्या बहुतेक डिस्का पीएस5वर चालतात, पण ड्राइव्ह असेल तरच. बिनड्राइव्हच्या कन्सोलपुढे तुमचं अख्खं कपाट निरुपयोगी आहे. भावाला सांगा, 2023 च्या अखेरीस आलेल्या सडपातळ मॉडेलला ड्राइव्ह नंतरही जोडता येतो, म्हणजे आत्ता त्याचं ऐकून पुढे घेतला तरी चालेल. जोडताना एकदा इंटरनेट लागतं.

आणि कुठलाही गेम घेताना डबीवरचं बारीक वाचा. काहींत डिस्क नसते, नुसता डाउनलोडचा कोड असतो. तो एकदा वापरला की डबी कुणाला विकणार? निन्टेन्डोच्या स्विच 2 कन्सोलची गेम-की कार्डं विकता येतात, पण कार्डात नुसती किल्ली असते, गेम डाउनलोड करावा लागतो, म्हणजे कंपनीचा सर्व्हर चालू आहे तोवरच. मला हे पटत नाही. पैसे मोजून घेतलेला गेम दुसऱ्याला देता आला पाहिजे.

पीएस4 विकणार असाल तर आधी गेममधली सेव्ह केलेली प्रगती पेनड्राइव्हवर घ्या, मगच खातं काढा.