साल एकच, काठ दोन
फ्रान्समधल्या बोर्डोच्या वाइनबद्दल 'द्राक्षतोडणीचं साल चांगलं म्हणजे कुठलीही बाटली उचला' असं म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. १९९८ घ्या. नदीच्या उजव्या काठाला, पोमेरोल-सेंतेमिलियों या भागांकडे मर्लो ही द्राक्षाची जात जास्त. ती लवकर पिकते, त्यामुळे पावसाच्या आधी बरीचशी तोडून झाली. डाव्या काठाच्या मेदोक भागातली काबर्ने सोव्हिन्यों ही जात उशिरा पिकते, ती पावसात सापडली. १९९६ला नेमकं उलटं. तेव्हा काबर्नेनं बाजी मारली.

१९९८च्या दोन्ही काठांच्या बाटल्या मी एकाच संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवून प्यायलोय. सेंतेमिलियोंच्या ग्लासातून पिकलेल्या आलुबुखारचा आणि मागून ओल्या मातीचा वास तासभर येत राहिला, फार सुंदर. मेदोकचं टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरटपणा, मात्र डिकँट करूनही (दुसऱ्या भांड्यात ओतून हवा लागू देऊनही) कच्च्या सुपारीसारखं जीभ आवळत होतं.