आखलेली वाट सूक्ष्मनलिका कधी पाळतात, कधी का सोडतात?

प्रश्नकर्ता
काचेवरच्या आखलेल्या पट्ट्यात काइनेसिन (पेशीतले मोटर प्रथिन) बसवून त्यावरून सूक्ष्मनलिका (प्रथिनांच्या ताठ, पोकळ नळ्या) सरकवण्याच्या प्रयोगांविषयी मी सध्या वाचत आहे. पट्ट्याबाहेरचा पृष्ठभाग प्लुरॉनिकने (प्रथिने चिकटू न देणाऱ्या बहुवारिकाने) झाकून तेथे काइनेसिन बसूच दिले नाही, तर नलिका पट्ट्यातच राहतील अशी माझी अपेक्षा होती. चित्रफितींत मात्र काही नलिका कडेशी वळतात आणि काही सरळ बाहेर जाऊन द्रावणात नाहीशा होतात. हा फरक कशामुळे पडतो? नुसती भिंत उभारून भागेल का?

उत्तर – जैवभौतिकी
सगळी मेख नलिकेच्या पुढच्या टोकात आहे. काइनेसिन काचेला जखडलेले असते आणि एटीपीच्या (पेशीच्या इंधनाच्या) एका रेणूमागे ८ नॅनोमीटरचे एक पाऊल टाकत नलिकेला पुढे ढकलते. सर्वांत पुढच्या काइनेसिनच्या पलीकडे गेलेले टोक मोकळे असते. ते उष्णतेच्या धक्क्यांनी थरथरत राहते आणि पुढचे काइनेसिन गवसले की त्याला धरते. कड आली तरी मागची काइनेसिने ढकलणे थांबवत नाहीत. नलिका कडेला जवळजवळ समांतर येत असेल, तर थरथरणारे टोक पट्ट्यातल्या एखाद्या काइनेसिनपर्यंत पोहोचते आणि नलिका वळते. ती मोठ्या कोनात आली, तर तिचा ताठपणा आड येतो, टोक बाहेरच लांबत जाते आणि शेवटचे काइनेसिन सुटताच नलिका तरंगत निघून जाते. पट्ट्यावर काइनेसिन दाट असेल, तर मोकळे टोक आखूड राहते, ही बाबही ध्यानात ठेवावी.

नुसत्या भिंतीने भागत नाही, कारण काइनेसिन भिंतीवरही बसते आणि नलिका तिच्यावर चढून जाते. १ मायक्रॉन उंचीची भिंत २५ नॅनोमीटर व्यासाच्या नलिकेच्या चाळीसपट असते, तरीही! म्हणून तळ केसीन (दुधातले प्रथिन) लावलेल्या काचेचा, भिंती फोटोरेझिस्टच्या (प्रकाशाने आकार देता येणाऱ्या बहुवारिकाच्या) आणि त्या भिंतींवर प्लुरॉनिक, अशी दुहेरी तजवीज करतात. तेव्हा भिंत नलिकेला वाकवते आणि तळावरची काइनेसिने तिला सोडत नाहीत. प्लुरॉनिक जलविरोधी पृष्ठभागावरच नीट बसते, त्यामुळे भिंतीवर प्लाझ्मा (आयनित वायू) फिरवून ती जलस्नेही केलेली असेल, तर ही तजवीज फसते.

उत्तर – स्नायुतंतू
वरील विवेचन मायोसिनला (ॲक्टिनचे तंतू सरकवणाऱ्या, स्नायूंतल्या मोटर प्रथिनाला) जसेच्या तसे लावू नये, एवढेच सुचवतो. सूक्ष्मनलिकेचा ताठपणा मिलिमीटरच्या अंतरावर टिकतो, तर ॲक्टिन तंतू दहा-पंधरा मायक्रॉनांतच दिशा विसरतो. रुंद वाटेत तो आपणहून उलटा फिरतो, म्हणून त्याच्यासाठी १०० ते २०० नॅनोमीटर रुंदीच्या वाटा कोराव्या लागतात. ॲक्टिनचा वेग काइनेसिनवरच्या नलिकांपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे हा खटाटोप परवडतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. वाटेवर टिकल्या तरी सगळ्या नलिका एकाच दिशेने कशा जाणार?

उत्तर – जैवभौतिकी
आपोआप जात नाहीत. नलिकेची दोन टोके वेगळी असतात आणि त्यांना धन व ऋण म्हणतात (ही फक्त नावे, विद्युतप्रभार नव्हे). काइनेसिन नलिकेच्या धन टोकाकडे चालते, त्यामुळे नलिका ऋण टोक पुढे करून सरकते; ती वाटेवर कोणत्या बाजूने उतरली हा नशिबाचा भाग. २००१ साली जपानमधील हिरात्सुका आणि सहकाऱ्यांनी वाटेत बाणाच्या टोकासारखे आकार कोरले. बाणाच्या दिशेने येणारी नलिका सरळ पार होते, उलट्या दिशेने येणारी मात्र बाणाच्या खाचेत शिरते, भिंतीला धरून पूर्ण वळते आणि योग्य दिशेला लागते. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत देखणी युक्ती हीच, कारण तिला बाहेरून काहीच पुरवावे लागत नाही. एखादी विशिष्ट नलिका निवडून वळवायची असेल, तर विद्युतक्षेत्र लागते. नलिकेवर ऋण प्रभार असतो आणि तिचे मोकळे टोक त्या क्षेत्रात वाकते. २००६ साली नेदरलँड्समधील डेल्फ्टमध्ये याच तत्त्वावर दोन रंगांच्या नलिका दोन वेगळ्या वाटांना लावण्यात आल्या.

उत्तर – स्नायुतंतू
दिशेची चूक किती महाग पडते, हे २०१६ च्या गणनजाळ्यात (तंतूंच्या वाटचालीतून गणित सोडवणाऱ्या वाटांच्या जाळ्यात) दिसते. २, ५ आणि ९ या संख्यांच्या संभाव्य बेरजा शोधण्यासाठी तंतूंना त्यात सोडले होते. तेथील काही चौकांवर तंतूने सरळच जायचे असते. तेथे तो वळला, तर चुकीच्या बेरजेच्या दारातून बाहेर पडतो. प्रयोग आखताना वाटेची कड तपासण्याआधी अशा चौकांची भूमिती तपासावी.