मदत हवी आहे: समिती बुधवारी यायलीय, साक्षीदारांत नाव कसं लावायचं?

माळावरचा (शुक्रवार, रात्री ९:४०)
नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून थेट विचारतो. बुधवारी समिती आमच्या तालुक्याला यायलीय. मला समितीपुढं साक्ष द्यायची आहे. गावातले आम्ही अकरा जण आहोत, सगळ्यांचं दुखणं एकच. साक्षीदारांच्या यादीत नाव कुठं द्यायचं, फॉर्म असतो का, शेवटची तारीख कोणती, एवढंच सांगा. पंचायत समितीत दोन चकरा झाल्या. पहिल्या दिवशी म्हणले साहेब मीटिंगला गेलेत. दुसऱ्या दिवशी म्हणले यादी वरून येते. वर म्हणजे कुठं, ते कुणी सांगेना. ज्याला नक्की माहीत आहे त्यानंच लिहावं, विनंती आहे.

सिंदफणा (९:५२)
कोणती समिती?

देवगिरी७१ (१०:०५)
दादा, दुष्काळ पाहणीला केंद्राचं पथक येतं त्यालाही आपल्याकडं समितीच म्हणतात. विधिमंडळाची आहे का संसदेची? का जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेली? तिन्हींची रीत वेगळी असते.

माळावरचा (१०:११)
विधिमंडळाचीच. आमदार यायलेत, पेपरात आलंय. पण समिती कोणती का असेना, साक्ष द्यायची पद्धत एकच असेल ना?

कलम चार (१०:३०)
साक्षीच्या नादी लागू नका. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय दीडशे शब्दांत, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मी आजवर साठेक अर्ज केलेत. माझ्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या टाकीचं मोजमाप पुस्तक मी अर्जावरच काढलं. समित्या येतात, जेवतात, जातात. कागद हातात पाहिजे.

सिंदफणा (१०:३८)
कलम चार भाऊ, बुधवारला पाच दिवस राहिलेत. तीस दिवसांचा उपाय त्यांना काय कामाचा?

कलम चार (१०:४४)
आज टाकला असता तर पुढच्या महिन्यात कागद हातात असता. लोक शेवटच्या आठवड्यात जागे होतात, दुखणं तिथं आहे.

दिल्लीतला लातूरकर (११:२०)
संसदेतली पद्धत मला जवळून माहीत आहे म्हणून लिहितो, तुलनेला कामाची पडेल. तिथं खात्यांशी जोडलेल्या २४ स्थायी समित्या आहेत. १९९३ ला १७ होत्या, २००४ ला २४ झाल्या. एका समितीत ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मुदत एक वर्षाची. नवी समिती बसली की सुरुवातीच्या बैठकांत वर्षाचे विषय ठरतात. अर्थसंकल्प मांडला की अनुदानाच्या मागण्या तपासायच्या असतात, तेव्हा बाकीचे विषय मागं पडतात. मोठा विषय किंवा विधेयक असलं की जाहिरात देऊन लेखी निवेदनं मागवतात. त्या निवेदनातच लिहायचं असतं की मला समितीपुढं बोलायचंही आहे. मग सचिवालय निवेदनं चाळतं, आणि कुणाला बोलवायचं ते समिती ठरवते. मंत्र्याला साक्षीला बोलवत नाहीत, सचिवाला बोलवतात. बैठक बंद दाराआड होते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. संसदेची समिती अभ्यास दौऱ्यावर गेली की तिथल्या चर्चा अनौपचारिक धरतात, दौऱ्यात साक्ष नोंदवत नाहीत. साक्ष दिल्लीत, संसदेच्या आवारात. म्हणून ‘समिती गावात आली की साक्ष देऊ’ हे तिथं तरी चालत नाही.

माळावरचा (११:३१)
सर, माहिती चांगली आहे पण मला दिल्ली नको. मला बीड जिल्ह्यातला बुधवार पाहिजे.

कपिलधार (शनिवार, सकाळी ७:१५)
अधिवेशन नागपूरला असताना प्रेक्षक गॅलरीत बसून कामकाज बघता येतं. आमदारांच्या पत्रावर पास निघतो, ओळखपत्र न्यायचं, मोबाइल आत नेऊ देत नाहीत. आमच्या कॉलेजची पोरं नेली होती, अनुभव घ्यावा असा आहे.

देवगिरी७१ (७:५०)
मराठवाड्यानं समित्या काय कमी बघितल्या? १९८४ ला दांडेकर समितीचा अनुशेषाचा अहवाल, २०१३ ला केळकर समितीचा. वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. आपल्या पोरांना ह्या तारखा तरी पाठ असाव्यात. सिंचनाचं पाणी किती आलं ते जायकवाडीच्या टेलच्या शेतकऱ्याला विचारा.

सिंदफणा (८:०४)
देवगिरी काका, तुमची तळमळ मान्य आहे, पण ह्या सरकारनं नेमलेल्या समित्या. तज्ज्ञ बसवायचे, अहवाल घ्यायचा. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर २०१९ ला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, तीही आरोग्य खात्यानं नेमलेली. विधिमंडळाची समिती सभागृहाची असते, आमदारांची असते, अधिकाऱ्याला समोर बसवून जाब विचारते. दोन्ही एकात घातल्या की माळावरचा दादा आणखी गोंधळात पडायचे. दादा, पेपरात समितीचं नाव काय छापलंय ते जसंच्या तसं लिहा. आणि तुमचं काम काय अडलंय तेही तुम्ही अजून सांगितलं नाही.

माळावरचा (९:२०)
सांगितलं नाही का? बरं. आमच्या रोजगार हमीच्या सिंचन विहिरी आहेत, अकरा. २०२२-२३ ला मंजूर झाल्या. खोदाईची मजुरी आली, रडत-रखडत का होईना आली. कुशलचे, म्हणजे बांधकामाच्या साहित्याचे नि गवंड्याचे, पैसे अडकलेत. सिमेंट, गज, खडी सगळं उधारीवर आणून बांधकाम केलं, कारण पावसाळ्याआधी बांधलं नसतं तर खचली असती. शेजाऱ्यानं थांबून बघितलं, त्याची अडतीस फुटांवर एका बाजूनं ढासळली, आता निस्ता खड्डा राहिलाय. मी तीन रुपये शेकड्यानं पैसे काढलेत. दर महिन्याला व्याज जातं आणि पंचायत समितीत विचारलं की निधी नाही म्हणतात.

पेपरात छापलंय: पंचायत राज समिती.

गोदातीर (९:४१)
इथंच चुकायलंय. रोजगार हमीसाठी विधिमंडळाची वेगळी समिती आहे, रोजगार हमी योजना समिती. तुमचा विषय तिचा आहे. पंचायत राज समितीपुढं तोंड उघडलं तर ‘हा आमचा विषय नाही’ म्हणतील. मुंबईला विधान भवनात रोहयो समितीच्या नावानं पत्र टाका आणि बुधवार सोडून द्या.

अॅड. मांजरा (१०:००)
असहमत. विहिरीचं काम ग्रामपंचायतीचं, देयक पंचायत समितीतून निघतं. पंचायत राज समिती ह्या संस्थांचाच कारभार तपासायला येते. ‘आमचा विषय नाही’ असं ती म्हणणार नाही. पण माझ्या मते सगळ्यात पक्का रस्ता विनंती अर्ज समितीचा. आमदारांमार्फत सभागृहात विनंती अर्ज सादर करा.

गोदातीर (१०:०६)
आमदारांमार्फत करायचं तर तारांकित प्रश्नच टाकायला सांगा ना. मंत्र्यांनी उत्तरात ‘देयकं अदा करू’ म्हणलं की ते आश्वासन होतं. मग आश्वासन समिती त्याच्या मागं लागते.

माळावरचा (१०:१५)
आता चार समित्या झाल्या. मी कुणाकडं जाऊ?

जुना बस्ता (दुपारी १:१०)
माळावरचा दादा, जिल्हा परिषदेत ३१ वर्षं काढून निवृत्त झालोय. कोणती ते लिहीत नाही. तीन वेळा पीआरसी, म्हणजे हीच पंचायत राज समिती, अंगावर घेतली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे ‘साक्ष’ हा शब्द तुम्ही कोर्टातल्यासारखा घेतलाय. पंचायत राज समितीच्या दौऱ्यात साक्ष होते ती अधिकाऱ्यांची. मुख्य कार्यकारी अधिकारी समोर बसतात, खातेप्रमुख मागं, समिती विचारते आणि त्यांनी उत्तर द्यायचं. गावकऱ्यांची नावं लावायची यादीच नसते, म्हणून ती तुम्हाला कुणी दाखवू शकलं नाही. वरून जे येतं ते विधिमंडळ सचिवालयातून: दौऱ्याचा कार्यक्रम आणि प्रश्नावली. पंचायत समितीतल्या माणसानं हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तुमची एक चक्कर वाचली असती.

दौरा बहुतेक तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी जिल्ह्यातल्या आमदारांशी अनौपचारिक चर्चा आणि लेखापरीक्षा पुनर्विलोकन अहवालातल्या परिच्छेदांवर, म्हणजे हिशोब तपासणीतल्या आक्षेपांवर, साक्ष. दुसऱ्या दिवशी समितीचे गट पडतात आणि पंचायत समित्या, ग्रामपंचायती, शाळा, दवाखाने बघतात. तिसऱ्या दिवशी वार्षिक प्रशासन अहवालावर साक्ष. तुमच्या तालुक्यात बुधवारी येणार म्हणजे तो दुसरा दिवस. तुमची संधी तीच.

आम्ही आतून काय बघितलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला समितीची नजर कळेल. महिनाभर आधीपासून एकेका परिच्छेदाचं अनुपालन लिहायचं. साक्षीच्या दिवशी सभागृहामागच्या खोलीत संचिकांचे गठ्ठे लाल कापडात, प्रत्येकावर परिच्छेद क्रमांकाची चिठ्ठी. साहेबांनी मागं हात केला की संचिका हातात पडली पाहिजे. एकदा शाळाखोलीच्या कामाचं मोजमाप पुस्तक सापडेना. खोली बांधलेली होती, पोरं तिच्यात बसत होती, मी स्वतः बघितलेली. पण त्या दिवशी पुस्तक नव्हतं म्हणून सगळ्यांच्या माना खाली. समिती कागद बघते.

आता अडचण. पहिल्या दिवशीचे परिच्छेद बऱ्याच जुन्या वर्षांच्या हिशोबाचे असतात. तुमच्या विहिरी त्यात बसणार नाहीत. म्हणून ‘साक्ष द्यायची’ म्हणून हट्ट धरू नका, ‘निवेदन द्यायचं’ म्हणून जा. अकरा जणांचं मिळून एकच. एका पानात मावलं पाहिजे. प्रत्येकाचं नाव, काम संकेतांक, मंजुरीची तारीख, बांधकामाचं मोजमाप पुस्तकात कधी नोंदलं, कुशलची मागणी ऑनलाइन कधी गेली, रक्कम किती. दुःख दोन ओळींत लिहा, बाकी सगळे आकडे. शेवटी एकच मागणी. दोन प्रती काढा, दुसरीवर पोच घ्या.

आणि मोजमापाची तारीख ग्रामपंचायतीतून आजच काढा. अकरापैकी दोघातिघांची नोंदच झालेली नसते, असं दर वेळी निघतं.

कलम चार (१:३५)
शेवटी कागदच ना. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

जुना बस्ता (१:४२)
बरोबर म्हणताय. पण ह्या वेळी अर्जाच्या आधी रोजगार सेवकाकडं जाऊन बसायचंय.

गोदातीर (२:२०)
एक भर घालतो. मजुरी उशिरा आली तर कायद्यात सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई आहे. कुशलच्या पैशाला तशी भरपाई नाही, म्हणून तीन रुपये शेकड्याचं व्याज कुणाकडं मागता येत नाही. निवेदनात ते मागू नका, मूळ मुद्दा बाजूला पडेल.

मुक्ता (सायं. ६:३०)
माळावरचा दादा, अकरांत बाया किती आहेत? आमच्याकडं तीन विहिरी विधवा बायकांच्या नावावर आहेत आणि त्यांना पंचायत समितीत कुणी उभं करत नाही. तुम्ही गेलात तर त्यांनाही घेऊन जा. आमदारांपुढं विहीर ज्याच्या नावावर आहे त्यानं बोललेलं बरं.

माळावरचा (रविवार, रात्री १०:०५)
दोन जणी आहेत ताई. विचारतो त्यांना.

जुना बस्ता काका, तुम्ही म्हणला तसंच निघालं. चार विहिरींचं मोजमापच नोंदलेलं नाही. दोन वर्षं आम्ही निधी नाही, निधी नाही म्हणून बसलो आणि ह्या चौघांचं बिल तयारच नव्हतं. त्यातली एक माझी. रोजगार सेवकाशी भांडण झालं. तांत्रिक सहायक उद्या टेप घेऊन येतो म्हणलाय.

माळावरचा (बुधवार, रात्री ८:५०)
झालं. दुपारी पावणेदोनला गाड्या आल्या. पंचायत समितीच्या भिंतीचा रंग ओला होता, माझ्या बाहीला लागलाय. सगळ्यांना आत सोडलं नाही, तिघांना सोडलं. मी, आणि मुक्ताताई म्हणल्या म्हणून त्या दोघी.

एका सदस्यानं पान घेतलं आणि खालून वर वाचलं, आधी रक्कम, मग तारखा. विचारलं, मोजमाप झालं का? मी म्हणलं, सातांचं आधीचं आहे, चौघांचं सोमवारी झालं. ते गटविकास अधिकाऱ्यांकडं वळले आणि म्हणले, समिती यायच्या दोन दिवस आधी कसं काय झालं? अधिकारी म्हणले निधी वरून येतो. सदस्य म्हणले मी निधीचं विचारलं नाही, सोमवारचं विचारतोय. मग लेखी खुलासा द्या म्हणले. ज्या बाईची विहीर ढासळायला आलीय तिनं मोबाइलवरचा फोटो दाखवला, तो त्यांनी हातात घेऊन मोठा करून बघितला. सगळं मिळून चारेक मिनिटं. सचिवालयाच्या माणसानं दुसऱ्या प्रतीवर सही केली आणि तारीख टाकली.

आता पुढं काय असतं काका?

जुना बस्ता (९:३०)
पोच सांभाळा. खुलासा जिल्हा परिषदेतून समितीकडं जाईल. मुद्दा समितीनं धरला तर पुढं मुंबईत खात्याच्या सचिवांच्या साक्षीत निघू शकतो, मग अहवाल सभागृहात. ह्याला महिने लागतात. तुम्ही पंधरा दिवसांनी विधान भवनात, मुंबई ४०० ०३२, समितीच्या नावानं एक स्मरणपत्र टाका, पोचेची झेरॉक्स जोडून. आणि चौघांची देयकं ऑनलाइन चढली का ते ह्याच आठवड्यात बघा. ते काम समितीवर सोडू नका.

गोदातीर (९:४४)
रोहयो समितीलाही एक प्रत टाका. मी अजून म्हणतो, विषय तिचा आहे.

मुक्ता (१०:०२)
दादा, ते एक पान इथं टाका ना, नावं झाकून. आमच्या तालुक्यात शुक्रवारी यायलेत.

माळावरचा (१०:०८)
टाकतो ताई. लाइट आलीय, मोटार चालू करून येतो.